एका वर्गातली चार टोळकी

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे इतरांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. कोण कोणाजवळ बसणार हे मुलं पंधरा-वीस दिवसांत ठरवून टाकतात, आणि मग माझ्याकडे पत्रं येऊ लागतात. त्यांतली ही काही.

प्रश्न : माझ्याकडे मनपा शाळेची चौथी आहे, पट ४६. परिपाठात ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ म्हणणारी मुलं वर्गात शिरताच आपापल्या वस्तीचं टोळकं करून बसतात. गटकार्य दिलं तर एकच मुलगी सगळं करते.
— एक शिक्षिका, नाग नदीकाठची शाळा

उत्तर : प्रतिज्ञेवर एवढा भार टाकू नका. एकत्र राहा म्हटल्याने मुलं एकत्र येत नाहीत. समोरच्यावाचून आपलं काम अडतं, असं झालं की येतात. तुमच्या गटकार्यात कोणाचंच काही अडत नाही. चौघांत एक तक्ता दिला आणि एकीला तो एकटीने पुरा करता येत असेल, तर ती करणारच. उरलेले तिघे तिला स्केचपेनची टोपणं उघडून देतात!

१९७१ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात बसू लागली होती आणि वर्गावर्गांत तणाव होता. एलियट ॲरॉन्सन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकेकच तुकडा दिला. बाकीचा धडा हवा असेल तर सोबत्याचं ऐकून घेणं भाग. ‘जिगसॉ’ म्हणतात ती हीच पद्धत.

तुम्ही नागपूरचे तलाव घ्या. चौघांच्या गटात एकाला अंबाझरी, एकाला फुटाळा, एकाला गांधीसागर, एकाला गोरेवाडा. प्रत्येकाला आपल्या तलावाची अर्धं पान माहिती. आधी सगळे अंबाझरीवाले एका कोपऱ्यात, सगळे फुटाळावाले दुसऱ्या कोपऱ्यात जमून आपलं पान वाचतील आणि कसं सांगायचं ते ठरवतील. मग मूळ गटात परतून एकमेकांना शिकवतील. शेवटी चारही तलावांवर प्रश्न, पण ज्याचे त्याने सोडवायचे. ४६ च्या पटात दोन मुलं उरतात. दोन गट पाचांचे करा आणि पाचव्याला नाग नदी द्या. अंबाझरीवाल्यांत २३ सप्टेंबर २०२३ च्या पुराचा विषय निघणारच. ज्याच्या घरात तेव्हा पाणी शिरलं, त्याच्याइतका जाणकार त्या दिवशी वर्गात दुसरा नसेल.

गट तुम्हीच पाडा, वस्त्या मिसळून, आणि महिनाभर तरी मोडू नका. ज्याला वाचायला जड जातं त्याला कोपऱ्यात दोनदा ऐकायला मिळतं, म्हणून ती पायरी गाळू नका. सगळ्यात कठीण काम तुमचं आहे. “बाई, हा नीट सांगतच नाही” अशी तक्रार आली की उत्तर देऊ नका. “मग त्याला विचार ना” एवढंच म्हणा. पहिल्या दोन-तीन वेळा गोंगाट होईल, शेजारच्या वर्गाला आधीच कल्पना द्या.

प्रश्न : दिवाळीनंतर छत्तीसगडहून आलेल्या वीटभट्टी कामगारांची दोन मुलं, बहीण-भाऊ, माझ्या दुसरीत येतात. मराठी येत नाही, पावसाळ्याआधी परत जाणार. बाकीची मुलं त्यांना ‘भट्टीवाले’ म्हणतात. एवढ्या दिवसांसाठी किती जीव लावायचा?
— एक शिक्षक, कामठी तालुका

उत्तर : सर, सात वर्षांच्या मुलाला पाच महिने केवढे वाटतात! शिक्षण हक्क कायद्याने त्यांना वर्षात केव्हाही, दाखल्यावाचूनही प्रवेश आहे. तो तुम्ही दिला. आता वर्गात जागा हवी. ‘भट्टीवाले’वर भाषण देऊ नका; ते नाव आणखी पक्कं होईल. तुम्ही दर वेळी नावाने हाक मारा आणि नावानेच रोजचं एखादं काम सोपवा. भाषेची काळजी सोडा, आपल्याकडच्या पोट्ट्यांना हिंदी कोणी शिकवावी लागत नाही. छत्तीसगडमध्येही फुगडी खेळतात, पण उकिडवं बसून, पाय पुढे-मागे टाकत. ती तुमच्या मुलींना त्या बहिणीकडून शिकू द्या, बदल्यात आपली गरगर फिरायची फुगडी तिला शिकवू द्या. आणि निरोप उन्हाळी सुट्टीआधीच द्या. भट्टीवरची कुटुंबं कधी निघतील ते सांगता येत नाही.

प्रश्न : मॉनिटरने बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहावीत का?

उत्तर : नाही. बडबड आवरणं तुमचं काम आहे, आठ वर्षांच्या पोराचं नाही. मॉनिटरऐवजी कामं वाटा: फळा, हजेरीचा कागद, खिचडीच्या वेळी हात धुण्याची रांग. दर सोमवारी बदला.

प्रश्न : मुलगी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत पहिलीला आहे. वाढदिवसाला मुलं वर्गभर कंपासपेट्या वाटतात. आम्हाला झेपत नाही. तिचा वाढदिवस जवळ आलाय आणि त्या दिवशी ती शाळेत जायला तयार नाही.
— एक आई, वाडी

उत्तर : ताई, उसने काढून वाटू नका. वर्गशिक्षिकेला शाळा सुटल्यावर, मुलगी सोबत नसताना भेटा. वस्तू वाटणं सगळ्यांसाठीच बंद करा, असं सुचवा. तुमच्या मुलीचा उल्लेख त्यात नको. वाढदिवस असेल त्याने त्या दिवशीचा खेळ निवडावा, पुरे. आरटीईच्या मुलांना वर्गात वेगळं बसवता येत नाही. तसं कधी दिसलं तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे (प्राथमिक) लेखी तक्रार करा.

प्रश्न : तान्हा पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्याला, आमच्या शाळेत नंदी सजवण्याची स्पर्धा असते. कोणाचा कमरेएवढा सागवानी, कोणाचा तळहातावर मावणारा. बक्षीस कोणाला जाणार हे मुलांना आधीच ठाऊक असतं.

उत्तर : स्पर्धा काढून टाका, पोळा ठेवा. घरचे नंदी घरी राहू द्या. वर्गाचा मिळून एक मातीचा नंदी करा: एकाने शिंगं, एकाने झूल, दोघांनी तोरण. झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायच्या यमकाच्या ओळी, गटागटाने रचू द्या, एखाद्या आजोबांना चाल सांगायला बोलवा. मग नंदी घेऊन सगळ्यांनी इतर वर्गांत आणि ऑफिसात फिरायचं. बोजारा (नंदी फिरवणाऱ्यांना मिळणारे पैसे वा खाऊ) मिळेल तो एका डब्यात टाकून सारखा वाटायचा. माती मात्र आठवडाभर आधीच आणा. पोळ्यामागोमाग गणपती येतात, त्या दिवसांत मूर्तिकारांच्या चितार ओळीत तुमच्याशी बोलायला कोणाला वेळ नसतो.