वाचकांचे सवाल: उन्हाळ्यात चढलेले पाईप आणि बाकी खटपटी

प्रश्न (रावेर): दादा, केळीच्या शेतात उरलेले ६३ एमएमचे पीव्हीसी पाईप कापून आम्ही पोरांनी तोंडावर चपलेने हाणून वाजवायचं वाद्य केलं, मंद्र सा पासून वरच्या सा पर्यंत आठ पाईप. डिसेंबरात पहाटे शेकोटीपाशी पेटीच्या पांढरी एकला लावलं, झकास वाजलं. आता आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) काढलं तर सगळेच पाईप वर बोलतात. खराब झाले का? कापून तर सूर अजून वरच जाईल.

उत्तर: पाईप ठणठणीत आहेत भो, हवा तापलीय. सूर पाईपातल्या हवेचा असतो आणि गरम हवेतून आवाज जास्त वेगाने जातो, १५ अंशाला सेकंदाला साधारण ३४० मीटर आणि आपल्या ४२ अंशाला जवळपास ३५७. म्हणजे पाचेक टक्के वाढ, पेटीवर शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये जेवढं अंतर तेवढ्यातलं पाऊण तरी वर गेलात. पेटीची पितळी पत्ती मात्र गरमीत उलट किंचित उतरते, त्यामुळे भांडण जास्तच कानावर येतं. पाईप तापून लांबतो हे खरं, पण मीटरमागे दोन मिलिमीटरही नाही, ते सोडून द्या.

कापू नका, वाढवा. त्याच पाईपचा १५ सेंटीमीटरचा तुकडा घ्यायचा, उभी चीर द्यायची, उकळत्या पाण्यात नरम करायचा आणि प्रत्येक पाईपच्या टोकाला बाहेरून चढवायचा, घट्ट पण सरकता, सोल्युशन अजिबात लावायचं नाही. मंद्र सा (१३०.८ हर्ट्झ) थंडीत १२७ सेंटीमीटरच्या आसपास असेल तर आता १३३ लागेल, वरच्या सा ला तीनेक सेंटीमीटर बाहेर ओढलं की झालं. आणि सूत्राने (आवाजाचा वेग भागिले सुराच्या हर्ट्झची दुप्पट) कापलेला पाईप खाली का बोलतो असं बरेच जण विचारतात, तर तोंडाबाहेरची थोडी हवासुद्धा सुरात धरली जाते, तुमच्या मापाच्या पाईपला दोन्ही तोंडं मिळून साडेतीन सेंटीमीटर, तेवढं सूत्राच्या लांबीतून वजा करायचं. शेवटचं लावणं कार्यक्रमाच्या जागी, त्याच वेळेला, आणि तोवर पाईप उन्हात टाकू नका नाहीतर सगळी मेहनत वाया.

प्रश्न (नंदुरबार): तेलाच्या डब्याचं तुणतुणं केलंय, बझरमधली पितळी चकती काढून पिकअप म्हणून चिकटवली. मिक्सरला लावलं की आवाज एकदम पातळ, चिरका. डबा बदलू का ताई?

उत्तर: डब्याला बोल लावू नका, बिचारा चांगला वाजत असणार. ती पिझो चकती असते, म्हणजे थरथरीची वीज करणारी, तिच्यापुढे मिक्सरचं साधं इनपुट आलं की खालचे सूर गायबच होतात. तिला १ मेगाओहमच्या आसपास रोध (इम्पिडन्स) असलेलं इनपुट हवं, म्हणजे गिटार ॲम्प किंवा ऑडिओ इंटरफेसवरचं ‘इन्स्ट्रुमेंट’ नाहीतर ‘हाय-झेड’ लिहिलेलं भोक. दोन्ही नसेल तर छोटा प्रीॲम्प मध्ये टाका, वायर शील्डवाली आणि आखूड, नाहीतर तुणतुण्याआधी लाईटीची घूंऽऽ ऐकू येईल. चकती तळाच्या अगदी मधोमध नको, जरा कडेला सरकवून सरकवून ऐका, कान सांगतील तिथे चिकटवा.

प्रश्न (शहादा, शाळेतले सर): सागाच्या पट्ट्या दोरीवर बांधल्या, नुसतं टकटक होतं.

उत्तर: सर, दोरी चुकीच्या जागी असणार. पट्टीवर चिमूटभर रांगोळी टाका, मधोमध हलकं ठोकत राहा, रांगोळी सरकत सरकत दोन आडव्या रेघांवर जमेल, आधार तिथेच द्यायचा. दोन्ही टोकांपासून साधारण २२ टक्क्यांवर येतात त्या, ३० सेंटीमीटरच्या पट्टीला पावणेसात. सूर उतरवायचा तर मधला भाग खालून तासा, चढवायचा तर टोकं घासा. आणि पट्टी निम्मी कापली तर एक नाही, दोन सप्तकं वर जाते, पाईपचा हिशोब इथे लावलात तर साग फुकट जाईल.