वहीत ‘मस्तीखोर’ लिहू नकोस

प्रिय,

अनेक आशीर्वाद. पालिकेच्या शाळेत तिसरीचा वर्ग, पट ४८, आणि त्यात दोन मुलं, एक सारखा उठ-बस करणारा, दुसरा घंटा झाली की कान झाकणारा, तुला रात्री झोपू देत नाहीत, हे वाचलं. ‘यांना ऑटिझम (लोकांशी संवाद साधणं अवघड जाणं) किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) आहे का, हे मी कसं ओळखू?’ असं तू विचारलंस. ते तू ओळखायचं नाहीस, निदान डॉक्टर करतील. पण ओपीडीत डॉक्टरांना मूल जेमतेम वीस मिनिटं दिसतं. तुला ते रोज पाच तास दिसतं, तेही त्याच्याच वयाच्या ४७ मुलांच्या शेजारी. तुझं ते पाहणं डॉक्टरांपर्यंत नीट पोचलं, तर मुलाचं एखादं वर्ष वाचतं.

म्हणून एक साधी दोनशेपानी वही घे. तिच्यात ‘मस्तीखोर’, ‘आळशी’, ‘लक्ष नाही’ यातला एकही शब्द नको. असं लिही: ‘सोमवार, गणित, ११.१० ते ११.३०. जागेवरून सात वेळा उठला. फळ्यावर पाच उदाहरणं, त्याने दोन लिहिली, दोन्ही बरोबर.’ सगळ्यात मोलाचे शब्द शेवटचे, ‘दोन्ही बरोबर’. गणित येतंय, पण पूर्ण होत नाही, हे त्यातून कळतं. ‘अभ्यासात कच्चा’ या शेऱ्यातून ते कधीच कळलं नसतं. पानावर तीन रकाने आख: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर आपण काय केलं. दोन आठवडे रोज लिही. इथे हटकून एक चूक होते, फक्त त्रासाचे दिवस लिहिले जातात. शांत गेलेला तासही लिही, कारण त्या तासात वेगळं काय होतं हेच आपल्याला शोधायचं आहे.

एडीएचडीचं निदान एका वर्गातल्या वागण्यावर होत नाही. लक्षणं किमान सहा महिने टिकलेली, १२ वर्षांच्या आधीपासूनची, आणि घर, शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसणारी लागतात. तुझ्याच तासाला दिसत असतील तर आधी इतर कारणं बघ: फळा दिसतो का, नीट ऐकू येतं का, रात्री झोप होते का. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं आणि बारापर्यंत टीव्ही असेल, तर मूल सकाळी कुठल्या लक्षाने बसेल? आणि बोलता बोलता मूल काही सेकंद एकदम थबकत असेल, हाक मारूनही कळत नसेल, तर ती वेळ आणि ते सेकंद मुद्दाम टिपून ठेव. ती फिटही असू शकते.

खिडकीशी बसणाऱ्या त्या मुलीबद्दल तू पत्रात दोनच ओळी लिहिल्यास: ‘गुणी आहे, पण हरवलेली असते.’ लक्ष न टिकणं हे एडीएचडीचं एक रूप आहे, आणि त्यात चंचलपणा असायलाच हवा असं नाही. अशी मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी पाहतही नाही. तिच्यासाठीही एक पान ठेव.

आता कान झाकणाऱ्या त्या मुलाबद्दल. ऑटिझमला आपण ‘स्वमग्नता’ म्हणतो. हा शब्द मला मनापासून खटकतो. त्यातून वाटतं की मूल आपल्याच कोशात खूश आहे आणि त्याला कुणी नको. पुष्कळदा त्याला सोबत हवी असते, पण खेळात शिरायचं कसं हे उमगत नाही. तू विचारलेला प्रश्नच तो परत म्हणतो ना? ती नक्कल नव्हे. त्याचं उत्तर तयार होत असेल. मनात दहा अंक मोज आणि मग विचार. ‘माझ्या डोळ्यांत बघ’ असं म्हणू नकोस, नजर चुकवूनही तो ऐकत असतो.

तू पत्रात लिहिलेले त्याचे पाचही वाईट प्रसंग मधल्या सुट्टीच्या घंटेला लागून आहेत. पितळी घंटा, वर्गाचं दार उघडं, आणि त्याचा बाक दाराशी. त्याला आतल्या रांगेत, भिंतीकडच्या बाजूला बसव. घंटेआधी पाच मिनिटं एक कार्ड दाखव: आधी घंटा, मग खिचडी. तरीही तो कोलमडला, म्हणजे आवाज सहन न होऊन रडू-ओरडू लागला, तर त्याला समजावू नकोस. त्या क्षणी शब्दही आवाजच असतात. बाकीच्यांना बाहेर पाठव, पंखा बंद कर, दोन हात अंतरावर खाली बस आणि गप्प राहा. हट्ट आणि कोलमडणं यातला फरक असा: हट्ट हवी ती वस्तू मिळाली की थांबतो, हे थांबत नाही. गणपतीच्या मिरवणुकीची तालीम किंवा स्नेहसंमेलनाचे ढोल असतील तर आदल्या दिवशीच सांग, आणि कुठे जाऊन बसता येईल ती जागाही दाखव.

उठ-बस करणाऱ्यासाठी सूचना तोड. ‘वह्या काढा, तारीख घाला, समास आखा, धडा सहा उघडा’ यातलं त्याच्याजवळ ‘वह्या काढा’ एवढंच उरतं. एक सूचना दे, ती पूर्ण झाली की पुढची. आणि फळ्यावर लिहून ठेव. दहा उदाहरणांचं पान मधून दुमड, म्हणजे पाचच दिसतील. हजेरी पुस्तक ऑफिसात न्यायचं काम त्याला दे, म्हणजे उठणं शिक्षेचं राहत नाही.

पालकांशी शाळा सुटताना फाटकावर बोलू नकोस, तिथे बाकीच्या आया उभ्या असतात. वेळ ठरवून बोलाव, जमल्यास दोघांना. वही उघड आणि ‘दोन्ही बरोबर’पासून सुरुवात कर. आजाराचं नाव तुझ्या तोंडून येऊ देऊ नकोस. ‘याचे बाबाही उशिरा बोलले’, ‘दृष्ट लागलीय’, ‘ताईचं लग्न व्हायचंय, बाहेर कळायला नको’ हे सगळं ऐकावं लागेल. खोडून काढू नकोस, त्यामागे भीती असते. आई मात्र स्वतःला दोष देत असेल तर स्पष्ट सांग: आईच्या थंडपणाने ऑटिझम होतो, ही समजूत केव्हाच बाद झाली. लशीवर बोट ठेवणारा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला.

दाखवायचं कुठे, हेही सांग. सायन, नायर, केईएम या मुंबईतल्या पालिका रुग्णालयांत बालरोग आणि मानसोपचार असे दोन्ही विभाग आहेत. नोंदींची झेरॉक्स सोबत दे. आधी कान-डोळे तपासून घ्यायला सांग. ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही एकाच मुलात असू शकतात. २०१३ पर्यंत प्रचलित अमेरिकन निकषांत ही दोन निदानं एकत्र देता येत नव्हती, म्हणून जुन्या कागदांवर एकच नाव दिसतं.

दिव्यांग प्रमाणपत्राबाबत घाईने शब्द देऊ नकोस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी हा मात्र त्यात वेगळा प्रकार म्हणून नाही.

डॉक्टरांनी गोळी दिली तर तिच्या बाजूने किंवा विरोधात बोलू नकोस. एडीएचडीवर मिथाइलफेनिडेट देतात, त्याने भूक मंदावू शकते. खिचडीचं ताट तसंच राहिलं का, आणि किती वाजल्यानंतर परत उठ-बस सुरू झाली, एवढं लिही. डोस ठरवायला डॉक्टरांना ते उपयोगी पडतं. ऑटिझम ‘बरा करणारं’ औषध नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर पालकांना सावध कर.

वर्गात ‘मेंटल’ हा शब्द ऐकू आला तर निदान जाहीर करू नकोस. ‘त्याला घंटा फार मोठी ऐकू येते, म्हणून तो कान झाकतो’ एवढं मुलांना पुरतं. मोठ्यांचं अवघड असतं. शिक्षकांच्या खोलीत कुणी ‘ती केस’ म्हणालं, तर तू त्याचं नाव घेऊन बोल, दर वेळी.

वर्ष संपलं की पालकांना विचारून ही वही चौथीच्या बाईंकडे दे. पहिल्या पानावर एवढंच लिही: बाक कुठला, घंटेआधी किती मिनिटं, कार्ड कुठल्या खणात आहे.

तुझी,
मोठ्या बाई