आरमधला फॉर्म्युला: सुरुवातीला एवढंच सांभाळा

आर (R) या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत मॉडेलचा फॉर्म्युला लिहिताना पहिल्यांदा गोंधळ होतोच, घाबरू नका. आरमध्ये आधीपासून असलेला एमटीकार्स डेटा घ्या, 32 गाड्यांचा, आणि 'मायलेज ~ वजन' (म्हणजे वजनावरून मायलेजचा अंदाज) एवढंच मॉडेल बसवा. (कॉलमची नावं इथे मी मराठीत लिहितोय.) उतार साधारण -5.34 येईल: वजन हजार पौंडांनी वाढलं की मायलेज गॅलनमागे सव्वापाच मैलांहून थोडं जास्त घसरतं. इंटरसेप्ट (वजन शून्य धरलं तर येणारा मायलेजचा आकडा) न मागता मिळतो.

आता नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- फॉर्म्युल्यातलं + म्हणजे बेरीज नव्हे, 'हाही घटक घ्या'. तसंच * म्हणजे दोन्ही घटक आणि त्यांचा परस्परपरिणाम (एकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असणं).
- 'वजन^2' लिहिलंत तर वर्ग होत नाही, नुसतं वजनच राहतं, आणि आर चकार शब्द काढत नाही! 'आय(वजन^2)' असं, कॅपिटल आय लावून लिहा.
- सिलिंडर 4, 6, 8 असे आकडे दिसतात म्हणून आर त्यांना सरळ रेषेत बसवतो. गट हवे असतील तर फॅक्टर (गट दाखवणारा कॉलम) करा. मग 6 आणि 8 चे वेगळे सहगुणक (परिणामाचे आकडे) दिसतील, 4 हा तुलनेचा आधार.
- फॉर्म्युल्यात डॉलरचं चिन्ह नको. डेटाचं नाव 'डेटा =' मध्ये द्या. मी एकदा आळस करून डॉलरच वापरला. एका नव्या गाडीचा अंदाज मागितला, तर एक इशारा आणि जुनेच 32 आकडे हातात.

परस्परपरिणाम, स्प्लाइन (वळणदार रेषा बसवण्याची पद्धत) वगैरे महिनाभर बाजूला ठेवा. आधी दोन-तीन घटकांची मॉडेल्स बसवून समरी (निकालाचा सारांश) नीट वाचा. अडलात तर फॉर्म्युला जसाच्या तसा इथे टाका, बघू.