तुणतुण्याला प्लास्टिकचा पडदा चालेल का?

प्रश्न : माझे पणजोबा गोंधळी होते. त्यांचं तुणतुणं पोटमाळ्यावर सापडलं. लाकडी नळकांडं शाबूत आहे, पण नवी तार लावून खुंटी पिळताच कातडं मधोमध फाटलं. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, प्लास्टिकचा पडदा लावा, पावसाळ्याची कटकट मिटेल. लावू का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : नका लावू. आधी फाटलेली जागा नीट बघा. तारेची गाठ थेट कातड्यावरच होती ना? सतार-तंबोऱ्यात तार घोडीवरून, म्हणजे तिला उचलून धरणाऱ्या पट्टीवरून जाते आणि घोडी भोपळ्यावरच्या लाकडी तबलीवर बसते. तुणतुण्याला घोडीच नाही. तार कातड्याच्या भोकातून ओवलेली, दुसरं टोक दांडीवरच्या खुंटीला. सगळा ताण त्या एका भोकावर. म्हणून गाठीपाशी चामड्याची लहानशी चकती हवीच. माझ्या वडिलांनी एकदा घाईत चकतीऐवजी माझ्या शर्टाचं बटण लावलं होतं, ते कित्येक वर्षं टिकलं.

बकरीचं पातळ कातडं ढोलकी मढवणाऱ्याकडे मिळेल. रात्रभर भिजवा, ओलं असतानाच ताणून बसवा, सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवलंत तर एका बाजूनं जास्त आक्रसेल. भोक वाळल्यावरच पाडा, तारेपुरतंच.

आता पावसाळा. कातडं ओल धरतं, सैल पडतं, आणि तारेचं एक टोकच त्यात अडकलेलं असल्यामुळे सूर लगेच उतरतो. वडील रात्रभराच्या गोंधळात दिवटीपासून हातभर लांब धरून कातडं शेकायचे, खुंटी पिळायचे, गाणाऱ्याच्या षड्जाशी जुळलं की मान हलवायचे. प्लास्टिकवर सूर उतरणार नाही, हे खरं. पण मी ते ऐकलंय. आवाज टणक येतो, संबळाच्या घुमाऱ्यात मिसळत नाही, वेगळाच टोचत राहतो.

‘त्याचं तेच तुणतुणं’ असं लोक हिणवून म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं. तमाशातल्या सुरत्यानं, म्हणजे तुणतुणं वाजवणाऱ्या साथीदारानं, तो एक सूर धरलेला असतो, म्हणून गाणाऱ्याला वरच्या पट्टीत निर्धास्त जाता येतं. शिवाय झीलही, म्हणजे गाणाऱ्यामागून उंच सुरात ओळ लांबवणंही, त्यालाच ओढायची असते. रात्रभर.

बांबूची दांडी हलवून बघा. सैल असेल तर नवा खिळा मारू नका, जुनं लाकूड चिरेल. सुती दोरीनं नळकांड्यासकट आवळून बांधा.