वाचक विचारतात : निवृत्त बाईंनी आता काय करावे?

प्रश्न : मी ३४ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि त्यांतील बहुतेक वर्षे पहिली-दुसरीच्या वर्गांवर गेली. आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. समाजासाठी काही करावे ही इच्छा जुनीच होती, म्हणून जेथून बोलावणे आले तेथे गेले आणि आज तीन समित्यांची सदस्य आहे; परंतु बैठका आणि इतिवृत्ते यांतच वेळ जातो. बाराखडी आणि वजाबाकी यांपलीकडे आपल्याला काही येत नाही, असे आता वाटू लागले आहे. माझ्यासारखीने नेमके कोणते काम हाती घ्यावे? जुन्या शाळेत जाऊन मदत केली, तर ती नव्या शिक्षिकेच्या कामात ढवळाढवळ ठरेल का?

उत्तर : आदरणीय बाई, बाराखडी आणि वजाबाकी यांपलीकडे आपल्याला काही येत नाही, हे आपले म्हणणे मला मुळीच मान्य नाही आणि माझे सारे उत्तर त्या एका वाक्याशीच निगडित आहे.

५२ मधून २७ वजा करताना एखादे मूल ३५ असे उत्तर लिहिते. घरातल्या मोठ्या माणसांना उत्तर चुकले एवढेच दिसते. दोनदा समजावून झाले की तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज चढतो. आपल्याला मात्र वही पाहताक्षणी कळते की २ मधून ७ जात नाहीत म्हणून मुलाने सरळ ७ मधून २ वजा केले आहेत. म्हणजे वजाबाकी त्याला येते, दशक सोडवून एकक करणे तेवढे उमगलेले नाही. मग आपण दहा-दहा काड्यांचे गठ्ठे त्याच्यापुढे ठेवता आणि एका गठ्ठ्याची दोरी त्यालाच सोडायला लावता. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या जाणिवेला शिक्षकी ज्ञानाचा स्वतंत्र प्रकार मानले : विषय येणे वेगळे, वर्ग सांभाळता येणे वेगळे, आणि हा विषय शिकताना मूल कोठे अडते व कोणत्या उदाहरणाने सुटते हे ठाऊक असणे वेगळे. गणितात पारंगत असलेल्या माणसाजवळही हे ज्ञान असेलच असे नाही.

मी स्वतः लहानपणी ‘घर’ लिहायला गेलो की ‘धर’ लिहीत असे. वर्गातल्या बाईंनी माझे बोट धरून ते अक्षरांच्या डोक्यावरून फिरवले आणि ‘ध’वर बोट कोठे अडखळते ते मला सांगायला लावले. तुटलेली शिरोरेघ मला त्या दिवशी प्रथम दिसली. आजही ‘ध’ आणि ‘भ’ लिहिताना ते बोट आठवते.

म्हणून तीनपैकी दोन समित्या सोडाव्यात, असे मी स्पष्टपणे सुचवतो. बैठक चालवणारी माणसे पुष्कळ मिळतात. जवळचे वाचनालय किंवा शाळा निवडून आठवड्याचे दोन ठरलेले दिवस वाचनात मागे पडलेल्या तीन-चार मुलांना द्यावेत, त्याहून अधिक मुले घेऊ नयेत, आणि किमान एक पूर्ण सत्र तीच मुले ठेवावीत. कारण मुलाची अडचण ओळखण्यासाठी आधी ते मूल ओळखीचे व्हावे लागते. पालकांची संमती घ्यावी आणि नेहमी इतरांच्या नजरेसमोर बसावे. हा नियम आपल्यासारख्या अनुभवी व्यक्तीलाही लागू आहे.

या कामाने शीण येईल, अशी शंका घरचे घेतील. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात ‘एक्स्पीरियन्स कोअर’ या उपक्रमात साठ वर्षांवरील स्वयंसेवक प्रशिक्षण घेऊन प्राथमिक शाळांत आठवड्याला सुमारे १५ तास काम करत. त्याविषयी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक अभ्यासात या स्वयंसेवकांची शारीरिक हालचाल वाढलेली दिसली, आणि अडीअडचणीला ज्यांच्याकडे जाता येईल अशी माणसेही त्यांच्या आयुष्यात वाढली होती. आपल्याला सुरुवातीस चार तासही पुरेत.

जुन्या शाळेबद्दल मात्र सावधगिरी हवी. ज्या वर्गात आपण इतकी वर्षे उभ्या राहिलात, तेथे आपण नुसत्या मागच्या बाकावर बसलात तरी नवी शिक्षिका स्वतःला परीक्षेला बसल्यासारखी समजेल, आणि मुलेही तिच्याऐवजी आपल्याकडे पाहतील. शक्यतो दुसरी शाळा निवडावी. जुन्याच शाळेत जायचे ठरले, तर मुख्याध्यापकांमार्फत जावे आणि कोणती मुले आपल्याकडे पाठवायची हे त्या शिक्षिकेला ठरवू द्यावे. वर्गाच्या पद्धतीविषयी तिने विचारल्याखेरीज बोलू नये, हे कितीही जड गेले तरी पाळावे. कोणते मूल कशात अडले होते आणि कशाने सुटले, याच्या दोन-दोन ओळी रोज वहीत लिहून ठेवाव्यात. तिने विचारलेच, तर ती वही तिच्या हाती देता येईल.