कंसातलं एक वाक्य

ताई,
आमची कुत्री चिंगी 11 वर्षांची आहे. गेल्या आठ-दहा दिवसांत ती एकदम वेगळीच वागायला लागलीय. रात्री उठून घरभर फिरते, भिंतीकडे तोंड करून उभी राहते, हाक मारली तर लगेच बघत नाही. जेवण अर्धं टाकते. काल एक उलटी झाली. पाणी मात्र खूप पिते, आणि जन्मात कधी घरात शू न केलेली चिंगी आता दाराशीच करते. (मागच्या महिन्यात हीट, म्हणजे माज, येऊन गेली, त्याचाही थकवा असेल.) डॉक्टरांचं नाव काढलं की हे म्हणतात, "वय झालंय तिचं, सुया टोचून छळू नकोस." मग घरात वाद. त्यांना चिंगीबद्दल काही वाटतच नाही का, हा विचार मला झोपू देत नाही. डॉक्टरकडे नक्की कधी न्यायचं, हे ठरवायचं कसं?

*

तुमचं पत्र वाचलं त्याच क्षणी मी तुम्हाला एक ओळ पाठवली होती: चिंगीला घेऊन आत्ता निघा, रात्र झाली असली तरी निघा. का, ते इथे लिहिते आहे, कारण असंच पत्र लिहायला आज आणखी कुणीतरी बसलेलं असेल.

तुम्ही यजमानांबद्दल लिहिलंत, भिंतीबद्दल लिहिलंत, आणि ज्या वाक्यापाशी माझ्या पोटात गोळा आला, ते मात्र कंसात टाकलंत. हीट येऊन महिना झाला. म्हणजे चिंगीची नसबंदी झालेली नाही, म्हणजे तिचं गर्भाशय अजून पोटात आहे.

बाईची पाळी वयाने थांबते, कुत्रीची थांबत नाही. म्हातारी झाली तरी ती माजावर येत राहते. प्रत्येक हीटनंतर, गाभण राहो वा न राहो, साधारण दोन महिने तिचं शरीर गर्भ असल्यासारखंच वागतं. प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढलेलं असतं, गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, त्यात स्राव साठतो, तोंड मिटतं. वर्षानुवर्षं हे झालेल्या गर्भाशयात बाहेरचे जंतू शिरले, तर त्यांना याहून चांगली जागा नाही. आत पू होतो. डॉक्टर याला पायोमेट्रा म्हणतात आणि बहुतेक वेळा तो हीटनंतर चार ते आठ आठवड्यांत डोकं वर काढतो. आता तुमचं कंसातलं वाक्य पुन्हा वाचा.

आणि ते पाणी. आपल्याला वाटतं, पाणी जास्त पिते म्हणून शू जास्त होते. इथे उलटं असतं. जंतूंच्या विषामुळे मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, लघवी पातळ होऊन वाहत राहते, आणि गेलेलं भरून काढायला ती बिचारी पीत राहते. दाराशी केलेली शू हा म्हातारपणाचा विसराळूपणा नसेल. दारापर्यंत ती पोचली होती, एवढं तरी बघा. तिला बाहेर जायचं होतं. म्हणून रात्री भांडं उचलून ठेवू नका, तिला पाणी हवंच आहे.

मागून काही स्राव दिसत नाही, असं तुम्ही म्हणाल. त्याने निर्धास्त होऊ नका. गर्भाशयाचं तोंड उघडं असलं तर पू बाहेर येतो आणि कुत्री सारखी चाटत बसते. तोंड बंद असलं तर काहीच दिसत नाही, आणि तोच प्रकार जास्त घातक. पू आत साठत जातो, रक्तात विष भिनतं, गर्भाशय फुटूही शकतं. ताप असेलच असंही नाही.

माझ्याकडे एक होती. रात्री दोनला स्वयंपाकघरातून तिच्या जिभेचा लपलप आवाज यायचा, बराच वेळ यायचा. मी पडल्या पडल्या ऐकायचे आणि मनात म्हणायचे, उकाडा आहे. सकाळी भांडं कोरडं. मी भरायचे आणि कामाला लागायचे. सहा दिवस भरलं. सातव्या दिवशी ती उठली नाही तेव्हा नेली, आणि ती ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नाही. त्यानंतर आजवर "बघू दोन दिवस" हे शब्द माझ्या तोंडून निघालेले नाहीत.

चिंगीला पायोमेट्राच आहे, असं मी पत्रावरून सांगू शकत नाही. ते सोनोग्राफी आणि रक्ततपासणी सांगेल. मूत्रपिंडाचा आजार असेल, मधुमेह असेल. पण यातलं काहीही आणखी आठवडाभर थांबण्यासारखं नाही. मेंदूच्या म्हातारपणातही कुत्री रात्रीची फिरतात, भिंतीकडे बघत राहतात, हे खरं. पण ते महिनोन्‌महिने हळूहळू येतं. आठ दिवसांत आलं ते वय नव्हे, दुखणं. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे. पाण्याबद्दल शंका असेल तर मापाने भरा: 10 किलोची कुत्री दिवसाला लिटरभराहून जास्त पाणी प्यायला लागली, तर ते जास्त आहे. पण हे माप इतरांसाठी. तुम्ही मोजत बसू नका.

आता यजमान. त्यांचं म्हणणं चूक आहे. पायोमेट्रा असेल तर नुसत्या गोळ्यांनी बहुधा भागत नाही, आधी सलाइन आणि औषधं देऊन तिला सावरतात आणि मग गर्भाशय काढतात. 11 व्या वर्षी भूल द्यायची म्हणजे काळजी वाटणारच, पण आतला पू तसाच ठेवणं त्याहून कितीतरी जास्त जोखमीचं आहे. त्यांचं चिंगीवर प्रेम आहे की नाही, या प्रश्नात मात्र मी आज शिरणार नाही, आणि तुम्हीही शिरू नका. भांडं तुम्ही भरता, दाराशी फडकं तुम्ही मारता, हीट कधी आली ते घरात फक्त तुमच्या लक्षात आहे. एवढं सगळं दिसत असताना तुम्ही दहा दिवस कुणाच्या तरी होकाराची वाट पाहिलीत, याचा मला राग आला आहे. तुम्ही तिच्यावर जीव टाकता हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं, म्हणून जास्तच आला.

तेव्हा यजमानांना विचारू नका, गाडी काढायला सांगा. निघायच्या आधी दवाखान्यात फोन करा. चिंगीला जेवायचा आग्रह करू नका, घरातली तापाची किंवा दुखण्याची माणसांची कुठलीही गोळी देऊ नका. उचलताना पोटावर दाब येऊ देऊ नका. आणि डॉक्टर समोर आले की रात्रीचं फिरणं, भिंत, वाद, सगळं नंतर. तोंडातून पहिलं वाक्य हे निघू दे: "नसबंदी झालेली नाही, अमुक तारखेला हीट संपली." तारीख आत्ता आठवत नसेल तर वाटेत दोघं मिळून आठवा.