मुलाखत होऊन गेली, कंपनी गप्प आहे. पुन्हा विचारावं का?

विचारा, पण दोनदाच: त्यांनी सांगितलेली तारीख उलटली की दोन-तीन दिवसांनी एक छोटा ईमेल आणि त्यानंतर आठवड्याभराने दुसरा. मग ते प्रकरण डोक्यातून काढून टाका. मी भरतीचंच काम करतो, त्यामुळे एवढं नक्की सांगू शकतो की गप्प राहणं म्हणजे नकारच असं नसतं. बजेटची मंजुरी अडकते, सही करणारे साहेब रजेवर जातात, किंवा पहिल्या पसंतीचा उमेदवार होकार देईपर्यंत बाकीच्यांना ताटकळत ठेवलं जातं (हे कोणी कबूल करत नाही). ईमेलमध्ये पदाचं नाव, मुलाखतीची तारीख आणि 'निर्णय साधारण कधीपर्यंत होईल?' एवढंच लिहा. नाराजीचा सूर नको. मात्र हातात दुसरी ऑफर असेल, तर वाट पाहत बसू नका. तिची मुदत सांगून सरळ फोन करा.